कारखान्याचं अंतर

आमच्या वस्तीत कुणी गेलं की गेलेल्याच्या घरी बायका जमायच्या, रडारड सुरू व्हायची, आणि त्याच वेळी एखादा गडी आमच्या अंगणात येऊन उभा राहायचा. चपला काढायचंही त्याला सुचत नसे. "आबा, माती किती वाजता धरायची?"

आबा म्हणजे माझे वडील. पाटोद्यापासून अकरा किलोमीटरवरच्या आमच्या गावात मातीची वेळ ठरवायचं काम त्यांच्याकडं होतं. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, तेव्हा पंचांग गेलं, मुहूर्त गेला, घटका-पळं सांगणारा माणूसही गेला. त्रिशरण-पंचशील म्हणायला दहा मिनिटं पुरतात. पण ती दहा मिनिटं नेमकी कधी, हे कुणीतरी ठरवावं लागतंच. मुहूर्त नसला की उरतं एवढंच, की लांबचं माणूस कधी पोचतं. त्यातही लेक. लेकीनं तोंड पाहिल्याशिवाय माती करायची नाही, हा नियम आमच्या लोकांनी कुठल्या ग्रंथात न शोधताच पाळला. आबा म्हणायचे, "आपला मुहूर्त येष्टीनं येत असतो."

हे काम त्यांच्या गळ्यात पडलं ते नोकरीमुळं. ते सहकारी साखर कारखान्यात अंतर मोजायला होते. कारखान्यापासून कुठलं गाव किती लांब, याचा एक तक्ता असायचा आणि उसाच्या वाहतुकीचा दर त्यावर ठरायचा. आबा सायकलच्या पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधायचे. चिंधी खाली आली की एक फेरा. शंभर फेरे झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. ट्रकवाले गळ घालायचे, "आबा, आमचं गाव जरा लांब सरकवा की." आबा हसून सांगायचे, "मी लिवलं म्हनून गाव सरकत नसतंय."

कारखान्याचा एक नियम मात्र पक्का होता. अंतर धरायचं ते सगळ्यात जवळच्या वाटेनं. मग ती वाट कुणाच्या बांधावरून जावो की नदीतून जावो, बैलगाडी निघाली म्हणजे ती वाट. वर्षानुवर्षं हाच हिशेब करून आबांच्या डोक्यात सगळा जिल्हा जवळच्या वाटांनी भरला होता, आणि ते स्वतःवर लई खूश होते.

मग तो दुष्काळ आला. मी तेव्हा सातवीत होते. गावातली निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, टँकर आला की घागरींची भांडणं व्हायची, आणि सिंदफणेच्या पात्रात गुरांना उभं राहायला सावली नव्हती, पाण्याचं तर नावच नको. अशा वैशाखात शेजारची म्हातारी सकाळी सकाळी गेली. तिला एकच लेक, चकलांब्याला दिलेली. तिथल्या सोसायटीच्या ऑफिसात फोन होता, त्यावर निरोप गेला. आबांनी बोटांवर मोजलं, मान हलवली आणि सांगितलं, "चारला धरा."

चारला माती झाली. आबांची वेळ कधी चुकत नसे, त्यामुळं लेक दिसत नसतानाही कुणी फार थांबलं नाही. ऊन असं होतं की थांबवतही नव्हतं. येत असेल मागून, म्हणाले लोक.

ती आली सव्वापाचला. फाट्यावर एसटीतून उतरून चालत आली होती. पायात चपला होत्या की नाही हे मला आठवत नाही, पण तिच्या पायावरची पांढरी धूळ गुडघ्यापर्यंत होती ते आठवतं. माणसं परत निघाली होती. ती चितेच्या धुराकडं गेली नाही, सरळ आबांसमोर आली.

"मामा, मला किती लांब धरलंतं?"

आबा खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यांनी आकडा सांगितला.

"न्हाई मामा," ती म्हणाली, "मी त्याच्याहून लांब हाय."

आबांनी कारखान्याचं अंतर धरलं होतं. नदीच्या कोरड्या पात्रातून जाणारी, गाडीवाटेची, जवळची वाट. ती आली होती बीडवरून वळसा घालत, दोन एसट्या बदलून. एवढी साधी गोष्ट, पण ज्यानं आयुष्यभर जवळचीच वाट मोजली त्याला दुसरी वाट आठवलीच नाही.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल काढली, चाकाला चिंधी बांधली, आणि त्या उन्हात एसटीच्या वाटेनं बीडवरून चकलांब्याला निघाले. आई म्हणाली, "आता मोजून काय फायदा? माती झाली की." त्यांनी सायकलवर टांग मारली. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा ओठ फुटले होते आणि अंगात ताप होता. पण दोन गोष्टी शिकून आले होते. एक, ती वाट बावीस किलोमीटरनं जास्त होती. दुसरी त्यांना तिथल्या सोसायटीच्या शिपायानं सांगितली. फोन ऐकून ती बाई ऑफिसातच खाली बसली होती आणि तासभर तिला उठताच आलं नव्हतं.

"बातमी ऐकून मानूस लगीच उठत न्हाई," आबा आईला सांगत होते. "त्यो तास मी धरलाच न्हवता."

त्यानंतर मातीची वेळ विचारायला कुणी आलं की आबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कशानं येनार?" आणि सगळा हिशेब झाला की ते त्यात एक तास मिळवायचे. आमच्या घरात त्याला 'उठायचा तास' म्हणत. पुढं कधी त्यांची वेळ चुकली नाही. त्या बाईपुढं मात्र ते आयुष्यभर मान वर करून बोलले नाहीत.

माझी धाकटी बहीण नर्स झाली आणि न्यूझीलंडला गेली. मी शिक्षिका झाले आणि पाटोद्याला गेले. गाव सोडलं दोघींनीही, पण कौतुक व्हायचं ते एकीचंच. ते असो.

ती गेल्यावर आबा एकदा मला म्हणाले, "बाई, ती किती लांब गेली गं?" मी मोबाईल काढला. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारी एक वेबसाईट होती. मी मुंबई टाकलं, ऑकलंड टाकलं. नकाशावर एक रेघ उमटली, आणि बारा हजार तीनशेच्या आसपासचा आकडा आला. खाली लिहिलं होतं, प्रवासाचा वेळ साधारण पंधरा तास.

आबांनी चष्मा पुसला. "ही रेघ वाकडी कावून?"

मी शिक्षिका. समजावून सांगायची संधी सोडणं माझ्या रक्तात नाही. आईच्या माठावर मी खडूनं दोन ठिपके काढले आणि दोरा ताणून दाखवला, पृथ्वी गोल असल्यामुळं सरळ वाट कागदावर वाकडी कशी दिसते ते. आई ओरडली, "पान्याच्या माठाला खडू लावतीस!" आबांना मात्र ते पटलं. त्यांनी स्वतः दोरा दोनदा ताणून पाहिला. मग विचारलं, "हे पंधरा तास कुनी मोजले?"

"मोजत नाहीत आबा. अंतराला विमानाच्या वेगानं भागतात."

"मंजी असं इमान रोज सुटतं? मुंबैत बसलं की सरळ तिच्या गावात?"

मी शोधलं. तसं विमान सुटतच नव्हतं. मध्ये सिंगापूरला उतरायचं, तिथं काही तास बसायचं, दुसरं विमान धरायचं. शिवाय बहीण राहत होती ते गाव ऑकलंडपासून मोटारीनं दोन तास लांब होतं.

आबांनी दोरा गुंडाळला. "मंग हे कारखान्याचं अंतर हाय," ते म्हणाले, आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला.

तेव्हापासून त्यांनी धाकटीची वाट स्वतः मोजायला घेतली. ती पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा त्यांनी फोनवरून तिला बजावलं होतं, घराला कुलूप लावलं की सांग, विमानतळावर पोचलीस की सांग, विमान सुटलं की सांग. ती बिचारी सिंगापूरहूनही निरोप धाडत होती. इकडं आबा कारखान्याच्या जुन्या पावत्यांच्या पाठीमागं वेळा लिहीत बसले होते. तिथलं घड्याळ आपल्यापुढं, म्हणून सगळ्या वेळा ते आपल्या घड्याळात करून घ्यायचे. मुंबईहून गाडी निघाल्यावर तर त्यांनी ड्रायव्हरचाही नंबर मागून घेतला. लेक दारात आली, आई भाकर-पाणी ओवाळायला पुढं झाली, आणि आबा घड्याळ बघून म्हणाले, "छत्तीस तास. उंबऱ्यापासून उंबऱ्यापतुर." दुसऱ्या खेपेलाही तेवढेच भरले. तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

मला हे सगळं आधी गमतीचं वाटायचं. मग राग यायला लागला. गावाकडं गेलं की चहा होईपर्यंत विषय निघायचाच, धाकटीचं विमान, धाकटीचे छत्तीस तास. त्या उन्हाळ्यात पुन्हा दुष्काळ होता. शाळेत पाणी नव्हतं, वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली परतली नव्हती, घरी टँकरची वाट पाहायची आणि पेपर तपासायचे. एका रविवारी मी स्कूटीवरून घामाघूम होऊन पोचले, तर आबा पावत्या घेऊन बसलेले.

"बाई, हे नीट धेनात ठेव," ते म्हणाले. "छत्तीस आनि उठायचा एक. सदतीस. माझ्या वेळंला तुलाच धरायची हाय."

"काहीबाही बोलू नका."

"काहीबाही न्हाई. लोक मोबाईल बगतील आन् पंदरा तास म्हनतील. तू ऐकू नकोस. तिला तोंड दिसलं पायजे."

तिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "आबा, माझं अंतर कधी मोजलंत का हो?"

ते मनापासून हसले. "तुजं कशाला मोजायचं माय? तू तर जवळच हायेस."

मी चहा अर्धा टाकून उठले. परीक्षेची कामं आहेत म्हणाले. ती होतीही, खोटं नाही. पण कामं एवढी नव्हती की अकरा किलोमीटर जाता येऊ नये. एक रविवार गेला, दुसरा गेला. फोन आला की मी आईशी बोलायची आणि घाईत असल्यासारखी ठेवून द्यायची. मला वाटायचं, बघू दे जरा, थोरली आली नाही तर चैन पडतं का. हे असलं लहान पोरासारखं रुसणं पन्नाशीच्या घरातल्या बाईला शोभत नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी रुसले.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे साडेपाचला आईचा फोन आला. आबा अंथरुणातून उठलेच नव्हते.

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. सहाला धाकटीला फोन मीच केला. तिकडं दुपार होती. तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, "बस थोडी. मग ऊठ. आम्ही थांबतोय." तासाभरानं तिचा निरोप आला, तिकीट मिळालंय.

मग तो प्रश्न आला. माती किती वाजता? सवयीनं चार-दोन माणसांनी आबांच्या दाराकडं पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

दूध सोसायटीचे चेअरमन पुढं झाले. माणूस चांगला, आबांना मानणारा. त्यांनी मोबाईल वर धरला. "पंदरा तास दाखवतंय. मुंबैपसून आठ. तेवीस झाले. उद्या सकाळी सात-आठला धरू. उनाच्या आत उरकंल."

"कशानं येणार?" मी विचारलं.

"कशानं मंजी? इमानानं."

"कुठल्या? तसं विमान सुटतच नाही, काका. उद्या संध्याकाळी सातला धरा."

गलका झाला. एवढ्या उन्हात दोन दिवस? वीज कधी जाते कधी येते, प्रेताची हेळसांड नको, आबांसारख्या माणसाची तर नकोच. कुणी म्हणालं, हल्ली मोबाईलवर तोंड दाखवतात, तसं करू. माझा आवाज चढला. बाईनं पुरुषांच्या घोळक्यात ओरडणं आमच्याकडं चांगलं दिसत नाही, पण मी बारा वर्षं सातवीचा वर्ग सांभाळलाय. मी म्हणाले, "हे कारखान्याचं अंतर आहे. चकलांब्याची बाई विसरलात का सगळे?"

म्हातारी माणसं गप्प झाली. तरण्यांना काही कळलं नाही, पण म्हातारे गप्प झालेले पाहून तेही थांबले. चेअरमननी मोबाईल खिशात घातला आणि म्हणाले, "बीडाहून बर्फाची पेटी मागवा. आमच्या सोसायटीचं जनरेटर घिऊन या."

दीड दिवस ते जनरेटर आमच्या अंगणात धडधडत होतं. डिझेलचा वास, टँकरच्या पाण्याचा चहा, येणारी-जाणारी माणसं. त्याच दिवशी दुपारी चकलांब्याची ती बाई लेकाच्या मोटारसायकलवर आली. आता तीच म्हातारी झाली होती. तिनं पेटीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "कितीला धरली?"

"उद्या सातला."

"लई चांगलं केलंस," ती म्हणाली. "मामा त्या उनात सायकलीवर आलते माझ्या गावाला. मी पानी बी इचारलं न्हवतं." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी चार वाजल्यापासून लोक रस्त्याकडं पाहत होते. पाच झाले, साडेपाच झाले. मनातल्या मनात मी पुन्हा पुन्हा बेरीज करत होते. सहा वाजून वीस मिनिटांनी गाडी फाट्यावर वळली. धाकटी उतरली, धावत आली, पेटीवर पडली. तिला तोंड दिसलं. चाळीस मिनिटं ती आबांजवळ बसली, आणि बरोबर सातला आम्ही त्यांना उचललं. एका बाजूला तिचा खांदा होता, एका बाजूला माझा. चेअरमन माझ्याजवळून जाताना म्हणाले, "मानसाचा हिशेब मेल्यावर बी चुकला न्हाई."

मलाही तसंच वाटलं होतं. त्या संध्याकाळी दुःखाच्या जोडीला मला थोडा अभिमानही वाटत होता, कशाला लपवू? आबांनी मला एक काम दिलं होतं आणि मी ते चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी घरात बसलो होतो. धाकटीनं चहा केला. आबांचा विषय निघाला, शेवटचे दिवस कसे गेले ते. आई सहज सांगायला लागली.

"पाच-सहा दिस झाले बरं न्हवतं. छातीत भरल्यावानी हुतंय म्हनायचे. मी म्हनलं, थोरलीला फोन करू का? तर म्हनले, तिला कशाला फोन करायचा, ती काय लांब हाय का? अकरा किलोमीटर. शाळा सुटली की यील." आईनं कप खाली ठेवला. "तुजी सकाळची शाळा न्हाई का. तर रोज बारा वाजता दारात जाऊन बसायचे. म्हनायचे, बारा म्हंजी साडेबारापतुर यील. लई ऊन लागायचं, पन उठायचे न्हाईत. एक वाजला की आत यायचे. म्हनायचे, आज काम निघालं असंल, उद्या यील."

धाकटी माझ्याकडं पाहत होती. सहा दिवस आबा दारात बसले होते, आणि त्या सहाही दिवशी बारा वाजता मी पाटोद्यात पंख्याखाली बसून त्यांच्यावर रुसले होते. धाकटीसाठी त्यांनी उठायचा तास धरला होता, सिंगापूरचं बसणं धरलं होतं. माझ्यासाठी त्यांनी फक्त रस्ता धरला. सगळ्यात जवळची वाट.

"आई," मी म्हणाले, "मी त्याच्याहून लांब होते गं."

आईनं डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं. माझं डोकं ठिकाणावर नाही असं तिला वाटलं असावं. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "कायतरीच काय बाई. पाटोद्याहून अकरा तर हाय."